पाय दिसले पाहिजेत

"नाना, पाय! माझे पाय कुठं गेले?"

हर्षदा पितळी ताटावरून खाली उतरली आणि वडिलांच्या हातातला फोन ओढून घेतला. व्हिडिओत सुरुवातीला सगळं होतं. ती, ताट, घुंगरू, फरशी. ताटाच्या काठावर उभी राहून ती तालात पुढं सरकत होती. मग वळण आलं आणि चित्र वर गेलं. नुसता चेहरा. मागं भिंतीवरचं कॅलेंडर. वळण संपल्यावर पाय परत आले.

"चेहरा छान आलाय की," दिगंबरराव म्हणाले.

"चेहरा घेऊन काय करायचाय त्यांना? पासपोर्ट काढायलेत का माझा?"

पुन्हा.

बंगळुरूच्या नृत्यसंस्थेची अट साधी होती. कुचिपुडीतलं ताटावरचं नृत्य. एकच सलग व्हिडिओ, काटछाट नाही. डोक्यापासून पायापर्यंत सगळं दिसलं पाहिजे. आज संध्याकाळी सहाच्या आत. निवड झाली तर पगार, दौरे, रोजचा सराव. नाही झाली तर इथल्या नल्लकुंट्यातल्या पोरींचे गॅदरिंगचे नाच बसवायचे आणि लग्नांच्या संगीतात मागच्या रांगेत उभं राहायचं. तेच तर चाललं होतं इतकी वर्षं.

फोन स्टँडवर ठेवून भागत नव्हतं. ताट पुढं येईल तसं फोनवाल्यानं मागं सरकायचं. एवढंच काम.

एवढंच!

पुन्हा. वळण. चेहरा.

पुन्हा. वळणाच्या आधी कुकरची शिट्टी. आई, प्रमिलाबाई, आतून म्हणाल्या, "अगं, चार घास खाऊन तरी नाच."

पुन्हा. खालच्या मजल्यावरचे अप्पाराव जिन्यातून ओरडले, "बेटी, ऊपर पत्थर घिस रहे क्या?"

पुन्हा. कुकर नाही, अप्पाराव नाहीत. वळण. चेहरा. कॅलेंडर.

"मुद्दाम करताय का तुम्ही?"

दिगंबररावांनी चष्मा पुसला. "हात थरथरतो गं आताशा."

हात थरथरतो! भूमापन कार्यालयात जन्मभर नकाशे काढलेल्या माणसाचा! काल संध्याकाळीच काठोकाठ भरलेला चहाचा कप त्यांनी स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत नेला होता. बशीत थेंब नव्हता.

"राहू द्या," हर्षदा म्हणाली. "तुमच्यानं नाही व्हायचं. रेणूला बोलावते."

दिगंबरराव फोन टेबलावर ठेवून आतल्या खोलीत गेले.

रेणू पाचच्या पुढं मलकपेठेहून स्कूटीवर आली. दोघी एकाच गुरूंकडं शिकलेल्या. चप्पल काढता काढता तिनं फोन हातात घेतला आणि पहिल्याच झटक्यात काम केलं.

"घे. एकदम बढिया. नखंसुद्धा आलीत."

हर्षदा पाणी पीत बघायला बसली. ती, ताट, घुंगरू, फरशी. वळण. पाय दिसत होते.

डावा घोटा आत मुडपला. ताटाचा काठ फरशीवर आपटला. क्षणभरच. वर चेहरा तसाच हसरा.

घुंगरांच्या पट्ट्याखाली तिनं क्रेप बँडेज बांधलेलं होतं. जानेवारीत एका लग्नाच्या स्टेजवर पाय वाकडा पडला होता. तिनं घरात सांगितलं नव्हतं, गुरूंना सांगितलं नव्हतं. रेणूलाही नाही. बाहेरून काही कळत नाही, असं तिनं स्वतःला पटवलं होतं.

तिनं सकाळचे वाया गेलेले व्हिडिओ उघडले. एकामागून एक. घोटा मुडपायच्या जरासा आधी चित्र वर जात होतं. सावकाश, सरळ रेषेत. पाय सावरला की खाली येत होतं.

कुठंही थरथर नव्हती.

ती आतल्या खोलीच्या दारात गेली. दिगंबरराव खाटेवर बसले होते.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"रोज सकाळी ताटाचा आवाज येतो इथं," ते म्हणाले. "जानेवारीपासून डाव्या बाजूला अडकतो तो. म्हटलं, तू लपवतेस तर निदान त्यांना दिसायला नको."

बाहेरून रेणू ओरडली, "हर्षू, सहा वाजायलेत! पाठवू का?"

हर्षदानं खाली डाव्या पायाकडं पाहिलं.

"नक्को," ती म्हणाली.

मग ती खाटेवर वडिलांशेजारी बसली. घुंगरू सोडले. बँडेज उलगडलं. घोटा सुजून निळा पडला होता. तिनं फोन वडिलांच्या हातात दिला.

"चेहरा सोडा नाना. नुसता पाय घ्या. डॉक्टरांना पाठवायचाय."

दिगंबररावांनी फोन पायावर धरला. या वेळी त्यांचा हात खरोखरच थरथरला.