काही झालं नाही

वायरमन नवरा कामावरून आला की ती विचारायची, "आज काय झालं?" बूट काढत तो म्हणायचा, "काही झालं नाही." तेवढं ऐकून, देवाला हात जोडून मगच ती तोंडात घास घालायची.

वीज कंपनीच्या सुरक्षेच्या सभेला यंदा बायकांनाही बोलावलं होतं. साहेब थकल्या आवाजात म्हणाले, "वहिनींनो, ही मंडळी आम्हाला काही सांगत नाहीत. दिवस साधा गेला तर येऊन चहा मागतात. 'काही झालं नाही' म्हणाले, की समजायचं, आज थोडक्यात वाचले."

सगळे हसले. नवरा खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी तिने काहीच विचारलं नाही. तोच उंबऱ्यात थबकून म्हणाला,



"आज खरंच काही झालं नाही."