उपाशीपोटी

कावळे बाभळीवर बसून होते, पण पिंडाला शिवायला एकही खाली उतरत नव्हता.

कन्नडजवळच्या नदीकाठी साळूबाईचा दहावा चालला होता. भाताच्या पिंडाशेजारी पुरणपोळी ठेवलेली, वर तुपाची धार. ऊन चढत होतं आणि कावळ्यांना कसलीच घाई नव्हती.

डॉ. वैजनाथ छत्रपती संभाजीनगरहून मुद्दाम आले होते. मधुमेह आणि रक्तातली चरबी हा त्यांचा जन्माचा अभ्यास, आणि त्यांचं देशोदेशी नाव झालं ते या म्हातारीच्या रक्तावर. साळूबाईला साखर होती, पण तुपात बुडवून भाकरी खाल्ली तरी रक्तात चरबी चढत नसे. असं का, हे शोधता शोधता वैजनाथांचे केस पांढरे झाले. आता तो गुण तिच्या लेकात, बद्रीनाथमध्ये उतरलाय का, ते पाहायचं होतं. तो नाही म्हणाला असता, तर सगळं काम अर्ध्यावर थांबणार होतं. सुयानळ्यांची पेटी गाडीतच होती. दहाव्याला पेटी न्यावी का, हा प्रश्न त्यांनी खुलताबादच्या घाटातच सोडून दिला होता.

साळूबाईसारखी ऐकणारी बाई त्यांनी दुसरी पाहिली नव्हती. साखरेची गोळी चुकवायची नाही म्हटलं, तर तिनं एक दिवस चुकवली नाही. रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हटलं, तर वैजनाथ नळीला बूच लावून "आता जेवा" म्हणेपर्यंत ती पाण्याशिवाय काही घेत नसे.

"डॉक्टरसाहेब म्हणल्याबिगर घास उतरत नाय," ती म्हणायची. वैजनाथ हे प्रत्येक भाषणात सांगत आणि टाळ्या घेत.

बद्रीनाथ हात जोडून पुढे झाला. "माय, ताईला दर दिवाळीला माहेरी आणीन."

कावळे हलले नाहीत. भावकीतल्या सर्जेरावांनी नातवाच्या शिक्षणाची हमी घेतली. कुणी शेताचं बोललं, कुणी म्हशीचं. एक कावळा मान वाकडी करून खाली बघत होता. तो आपल्याकडेच बघतोय असं वैजनाथांना वाटलं, आणि मग आपलंच हसू आलं.

वेळ जावा म्हणून त्यांनी सून तनुजाला हळूच विचारलं, शेवटी फार त्रास झाला का.

"नाय हो. सकाळी गोळी घेतली आन् ओट्यावर जाऊन बसली. रस्त्याकडं तोंड करून. दुपारी शेतातून आलो तर तशीच बसलेली. हात लावला तर गार."

"खाल्लं काय होतं?"

"काईच नाय. भाकर टोपल्यात तशीच. गुरुवार व्हता, उपास असंल म्हणून आम्ही बी काई बोललो नाय."

म्हातारं माणूस बसल्याबसल्या सुटलं, पुण्यवान होती, असं सर्जेराव म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वैजनाथांनी डोलावली नाही. साखरेची गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर उतरत उतरत माणूस हातचा जातो, हे त्या नदीकाठी एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. या उपासांनी किती जणांचा घात केला, असं ते बोलणार होते. पण गुरुवार या शब्दाशी ते थांबले. गुरुवारी शहरात त्यांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, साळूबाईचा तोच किस्सा.

शेवटी गुरुजींनी दर्भ हातात घेतला. कावळा शिवत नसेल तर दर्भाचा कावळा करून शिवायचा, तशी सोय शास्त्रात आहेच. लोक चपला शोधू लागले. दर्भाची गाठ बसली की विषय संपला असता, आणि कुणी कुणाला काही विचारलं नसतं.

"थांबा," वैजनाथ म्हणाले. त्यांनी बूट काढले आणि ते पिंडापुढे जाऊन उकिडवे बसले. बद्रीनाथ अगदी शेजारी होता. त्याला ऐकू जाणार हे त्यांना कळत होतं.

"साळूबाई, गुरुवारी येतो म्हणालो आणि आलो नाही. कळवायचंही राहिलं. आता रक्त नको. जेवा."

कावळा खाली उतरला.