सासूबाईंची तपासणी

सोमवारपासून सुनेला पुन्हा कामावर जायचं होतं आणि चार वर्षांच्या लेकीला सांभाळायला घरात सासूबाईंशिवाय कुणी नव्हतं. पण सासूबाई हल्ली स्वयंपाकघराला नदी म्हणायला लागल्या होत्या आणि बाल्कनीला डोंगर. त्यांचा आदिवासी पाडा धरणात बुडाला, त्याला आता बारा वर्षं झाली होती. शेवटी तिने मनाचा हिय्या करून डॉक्टरांना घरी बोलावलं.

"आजी, आत्ता आपण कुठे आहोत?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद आहे, म्हणून तर धापा टाकतोयस."

डॉक्टर हसले. सुनेला मात्र राहवेना. "मग स्वयंपाकघराला नदी का म्हणता, आई?"

"आमच्यात नातवंडांना बोट धरून चालवत आपली जमीन दाखवायची असते, बाई. तिकडे आता पाणी आहे, म्हणून हिला इथे चालवते."

"यांचं डोकं माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, तुम्ही खुशाल कामावर जा," म्हणत डॉक्टर दाराकडे निघाले, तोच लेक ओरडली, "काका, तिथे पेरलंय! बांधावरून जा!"

डॉक्टर मुकाट्याने भिंतीच्या कडेने गेले. त्यांना सोडायला सून नेहमीसारखी सरळ निघाली होती. दोन पावलांवर थबकली आणि तीही कडेने गेली.