बिनतारी ऊन

१९६३ सालच्या मे महिन्यात अमरावतीच्या राजापेठेत उद्धवने उन्हापासून रेडिओच्या लहरी तयार केल्या. मात्र असं काही घडलेलं नाही. तसा कोर्टाचा निकाल आहे.

उद्धव कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर. दोन वर्षं गच्चीवर त्याचा एकच उद्योग चालला होता. शेकडो भोकांची पत्र्याची तबकडी मोटरवर गरगर फिरवायची. तिच्यावर आरशाने ऊन टाकायचं. भोकांतून तुकडे होऊन आलेला उजेड फोटोसेलवर पाडून त्याची वीज करायची आणि ती थरथरती वीज वाढवून कपडे वाळत घालायच्या तारेत सोडायची. तारेतून लहरी निघायला हव्या होत्या. लुगडी तेवढी लवकर वाळत होती.

प्रिन्सिपॉल म्हणाले होते, "हे चालतं असं कुठल्याही सरकारी कागदावर आणून दाखवा. नाहीतर सामान भंगारात."

मग एका दुपारी वायरलेसचा इन्स्पेक्टर दारात उभा राहिला. शेजारच्या महादेवरावांची तक्रार होती. ऊन असलं की त्यांचा रेडिओ किरकिरायचा, ढग आला की गप्प बसायचा. इन्स्पेक्टरने यंत्र लावून खात्री केली आणि लिहिलं, 'विनापरवाना प्रक्षेपण. खटला भरावा.' उद्धवने त्याला मिठी मारली आणि वर पेढा भरवला.

"माह्या पोराले जेलात टाकतीन हो!" म्हणत आई, गोदावरीबाई, बापूसाहेब वकिलांकडे धावली. बापूसाहेब आजवर एकही खटला हरले नव्हते.

कोर्टात उद्धव उठून म्हणाला, "साहेब, गुन्हा मीच केला. फार कष्टानं केला."

"बस खाली," बापूसाहेबांनी त्याला दटावलं. "ऊन लागलं त्याले," ते न्यायाधीशांना म्हणाले आणि इन्स्पेक्टरकडे वळले. "तुमच्या नियमांत ऊन कुठं लिहिलंय ते दाखवा."

इन्स्पेक्टरने अख्खं पुस्तक चाळलं. ऊन नव्हतं.

"हुजूर, वऱ्हाडातल्या उन्हानं रेडिओ किरकिरला असता, तर मे महिन्यात अकोल्याची माणसं बोलली नसती, नुसती खरखरली असती!"

निकाल लागला. उन्हापासून रेडिओच्या लहरी निघणं अशक्य, सबब आरोपी निर्दोष. गोदावरीबाईंनी साखर वाटली. प्रिन्सिपॉलनी निकाल दोनदा वाचला आणि भंगारवाल्याची हातगाडी मागवली.

त्याच संध्याकाळी उद्धव अर्ज लिहायला बसला :

'मे. वरिष्ठ न्यायालयाच्या हुजुरास. अर्जदाराची निर्दोष मुक्तता झाल्याने त्याच्यावर घोर अन्याय झाला आहे. तरी ती रद्द करून अर्जदारास निदान तीन महिन्यांची सक्तमजुरी द्यावी आणि निकालाची एक प्रत हातगाडी पोहोचण्याआधी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे रवाना करावी, ही नम्र विनंती.'