उंच तोटीची मशीन

बर्डीवरच्या बाजारातल्या दुकानात गोपिकानं कॉफीच्या चार मशिनी पाहिल्या आणि सगळ्यात उंच तोटीची निवडली.

"ताई, हिची कॉफी हातावर उडते. बुटकी घ्या," दुकानदार म्हणाला.

"हीच बांधा."

महिनाभरानं मौद्याची पाटलीणबाई गोपिकाच्या खापरखेड्याच्या क्वार्टरवर आली. पोराला पॉवर हाऊसमध्ये चिकटवा, म्हणून तिथं साहेब असलेल्या तिच्या नवऱ्याला विनवायला. गोपिकाची माय जन्मभर हिच्याच शेतात राबली होती.

गोपिकानं कप पाटलीणबाईच्या हाती दिला, तोटीखाली धरायला सांगितला आणि मशीन चालू केली. कढत कॉफी बोटांवर उडाली. पाटलीणबाईनं हात मागं घेतला.

"हात हलवू नका, पाटलीणबाई. शिवाशिव नको म्हणून तुम्ही माझ्या मायच्या कपात चहा असाच वरतून ओतत होत्या."