रविवारपर्यंत

“किती वेळ चालला पाहिजे, काका?” सदर बाजारातल्या दुकानदारानं काउंटरवर दोन युपीएस मांडत विचारलं.

“रविवारपर्यंत,” श्रावण पराते म्हणाला.

दुकानदाराला हसू आलं. माणूस वाईट नव्हता, पण आज मंगळवार होता. “हा स्वस्तातला डबा पंधरा मिनिटं चालते, हा मोठा त्याहून जास्त. लाइन गेली की कॉम्प्युटर नीट बंद करायले वेळ मिळावा, एवढंच याचं काम.”

“बंदच तर नाही करायचं, भाऊ.”

मग श्रावणला सगळं सांगावं लागलं, आणि परक्या माणसापुढं ते सोपंही गेलं. कामठीच्या घरात, मधल्या खोलीतल्या टेबलाखाली, त्याच्या पोरानं स्वतः जोडलेली एक पेटी होती. अनिश तिला सर्व्हर म्हणायचा. घरातल्या मोबाइलवरचे आठ वर्षांचे फोटो अन् व्हिडिओ त्या पेटीत जाऊन बसले होते. आपले फोटो कंपनीले काहून द्यायचे, असं पोराचं म्हणणं. कुलूपही त्यानं असं घातलेलं, की पेटी एकदा बंद झाली तर सुरू होताना पासवर्ड मागणार, आणि पासवर्ड फक्त त्याच्या डोक्यात. तीन महिन्यांपूर्वी अनिश गेला. पेटी तेवढी चालू राहिली.

अनिशचा मित्र पियूष फोनवर म्हणाला होता, “काका, रविवारी पुण्याहून येतो अन् सगळं दुसरीकडं काढून घेतो. तोवर बंद नका होऊ देऊ.” पण पेटीच्या जुन्या युपीएसची बॅटरी आता जेमतेम दोन मिनिटं धरायची. काल लाइन मिनिटभर गेली, तेवढ्यात श्रावणच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुकानदारानं स्वस्तातला डबा बाजूला सारला. “मोठाच न्या. तुमची पेटी लहान आहे, यावर तासभर निघेल. खरेदीच्या भावानं देतो. अन् पेटीले हात लावू नका. जुन्या युपीएसची पिन बोर्डातून काढा अन् याच्या मागं खोचा. तेवढं अर्धं मिनिट जुना धरेल.”

श्रावणनं ते दोनदा म्हणून दाखवलं. मग डबा मांडीवर घेऊन तो कामठीच्या ऑटोत बसला. पिन काढायची, मागं खोचायची. पेटीला हात लावायचा नाही.

कौसल्याला, त्याच्या बायकोला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रोज दुपारी ती मोबाइल घेऊन बसे आणि त्या पेटीतला एकच व्हिडिओ पाही. त्यात अनिश पातोडीचा घास घेऊन म्हणतो, “आई, मीठ विसरली वं,” आणि ती त्याच्यावर लाटणं उगारते. हेही जाऊ शकतं, असं तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून त्यानं ते पोटातच ठेवलं होतं.

तो घरी पोचला तेव्हा ती दारातच उभी होती.

“बरं झालं आले जी. लाइन गेली होती. तुमच्या त्या पेटीजवळचा डबा टूं टूं करून राहिला होता.”

“मग?”

“मग काय, बटन खाली केलं. डब्याचंही अन् बोर्डाचंही. लाइन झटक्यानं आली अन् आतलं जळलं तर? पोराची वस्तू आहे.” मग ती जराशी चिडून म्हणाली, “एका मिनिटात आलीही लाइन. पण मी नाही लावलं. म्हटलं, तुम्ही येऊन लावा.”

श्रावण दारातच थांबला. तीस वर्षं त्यानं पॉवरलूमवर माग चालवले होते, तिनं शेजारी बसून सुताच्या कांड्या भरल्या होत्या. लाइन गेली की आधी बटन खाली, नाहीतर लाइन येताना मोटार जळते. लग्न होऊन आली तेव्हा हे तिला त्यानंच शिकवलं होतं. आणि आता सांगायचं ते एक वाक्य त्यानं सांगितलं नव्हतं.

“बरं केलं,” तो म्हणाला.

त्यानं नवा डबा टेबलाखाली ठेवला. आता जुन्याची गरजच नव्हती. पेटीची पिन सरळ नव्यात खोचली, टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याचीही खोचली आणि बटन दाबलं. पंखा घुर्रघुर्र करू लागला. पडदा उजळला आणि मधोमध एक रिकामा चौकोन आला. पासवर्ड. त्यानं एका बोटानं अनिशचं नाव टाकलं. मग कौसल्याचं. मग पोराची जन्मतारीख. प्रत्येक वेळी चौकोन पुन्हा रिकामा होई. त्याला हुंदका आला, तो त्यानं खोकल्यात घातला.

“सुरू झालं ना?” कौसल्यानं मागून विचारलं.

“झालं.”

“मग मोबाइलमधी काहून दिसून नाही राहिलं?”

“पियूष येते ना रविवारी. तो पाहीन.”

तेवढ्यात पुन्हा लाइन गेली. छताचा पंखा थांबत गेला, शेजारच्या मागांची खडखड एकदम बंद पडली. सवयीनं कौसल्याचा हात बोर्डाकडं गेला आणि मध्येच थांबला. टेबलावरचा पडदा तसाच उजळलेला होता, चौकोनातली रेघ लुकलुकत होती.

तीन महिन्यांत पहिल्यांदा ती हसली.

“पाहा जी,” ती म्हणाली, “या वेळी नाही गेलं.”