शिडवालीचा शोध

"भाऊजी, आज डावीकडच्या फाट्यात घ्या," शिडवाली म्हणाली.

सुताराने सुकाणू वळवलं. होडी सपाट बुडाची, गुडघाभर पाण्यातही शिडाच्या जोरावर सरसर जाणारी. पुढच्या टोकाला, नाळेपाशी उभी राहून शिडवाली बांबूने दलदलीचा गाळ चाचपत होती.

बंदरावरची सगळी शिडं तीच शिवायची. पण मोठी ओहोटी आली की सुई खाली ठेवून ती सुताराकडे होडी मागायची. बारा वर्षं हे चाललं होतं. यंदा तिचे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून तो सोबत येऊ लागला.

ती काय शोधते, यावर बंदरात रोज खल व्हायचा. कुणी म्हणे, सोनं. चहावाला म्हणे, "सोनं कसलं डोंबलाचं! बाई नवऱ्याची वाट बघतेय." नवरा वादळाच्या सकाळी शिड उभारून दलदलीत गेला, तो गेलाच. ना माणूस मिळाला, ना होडी.

सुताराला राहवेना. "वहिनी, शोधतोय तरी काय आपण?"

"यांची होडी."

"आणि नाही सापडली तर?"

तिने बांबू पुन्हा खुपसला. "तर कुठेतरी सुखात आहेत, असं समजायचं."

सुताराच्या मनात आलं, एवढ्याशा आशेवर बाईने बारा वर्षं काढली!

इतक्यात होडी गाळात रुतली. ढकलायला तो खाली उतरला आणि पायाला लाकूड लागलं. वाकून त्याने हात फिरवला. मोडकी फळी, तिच्यावर पितळेची पट्टी, टोकाशी वाकडी. त्याच्याच हातची. मित्राच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या होडीला त्यानेच ठोकलेली.

"काय आहे?"

"काही नाही. दगड."

"दगडाने तोंड एवढं पांढरं पडतं?"

तो नको नको म्हणत असताना ती साडी खोचून उतरली. कोपरापर्यंत हात गाळात घातला. पट्टीवरून बोटं फिरली आणि वाकड्या टोकाशी थांबली. मग ती तिथेच चिखलात मटकन बसली.

"वहिनी, माझ्याच्याने सांगवेना हो... तुमची आशा..."

तिने डोळे पुसले. चेहरा मात्र कसा उजळला होता.

"बुडालेच होते होय!" ती म्हणाली. "आणि मी मेली बारा वर्षं शिव्या घालतेय, मला टाकून दुसरीकडे संसार थाटला म्हणून!"